श्वासापुरती जाळी

मुरलीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईला साडीची लेस मोजून देत होते. फोन शांताबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा होता. "रेहानाबाई, भाऊ गेले हो तुमचे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग पलीकडून नुसता बायकांच्या रडण्याचा आवाज येत राहिला. मी फोन ठेवला आणि लेस मोजायला घेतली. कुठपर्यंत मोजली होती ते आठवेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजली, पुन्हा चुकले... शेवटी त्या बाईनंच माझ्या हातातली लेसची गुंडाळी काढून घेतली आणि म्हणाली, राहू द्या ताई, मी उद्या येते. या गोष्टीला आता दीडेक महिना झाला. ब्रह्मपुरीत थंडी पडायला लागली आहे, दुकानात लोकरीचं गिऱ्हाईक वाढलं आहे आणि माझं लक्ष कशातच नाही. घरचे म्हणतात, तुझं नात्याचं कोण होतं ते? नात्याचे नव्हतेच. पण माणूस गेल्यावर जी जागा रिकामी होते, ती नातं विचारून होत नाही.

मुरलीभाऊ बसचे कंडक्टर होते. मी कॉलेजात जाऊ लागले तेव्हा आमच्या गावाहून ब्रह्मपुरीला येणाऱ्या बसवर त्यांची ड्युटी असायची. माझे अब्बा गावात शिलाईचं काम करायचे. आमच्या घरातून शिकायला बाहेर पडणारी मी पहिलीच मुलगी, त्यामुळे पहिल्या दिवशी अब्बा मला बसपर्यंत सोडायला आले आणि मुरलीभाऊंना म्हणाले की पोरगी तुमच्या भरवशावर पाठवतोय. मुरलीभाऊंच्या गालात खर्रा होता. आमच्याकडच्या बहुतेक पुरुषांच्या असतो तसा, सुपारी-तंबाखू-चुना तळहातावर घोटून केलेला. त्यांनी बाहेर थुंकून तोंड मोकळं केलं आणि मान डोलावली. पुढची तीन वर्षं ते तो भरवसा राखत राहिले. केवढा आवाज होता त्यांचा! स्टँडवर उभे राहून गावांची नावं घ्यायला लागले की पलीकडच्या रसवंतीवर बसलेला माणूस उठून यायचा. एकदा परीक्षेचा पेपर लांबला आणि मी धापा टाकत स्टँडवर पोचले, तर शेवटची बस उभीच होती. आतले लोक कुरकुरत होते. मुरलीभाऊ दारात उभे राहून त्यांना सांगत होते, "पोरगी येऊन राह्यली. जरासं थांबलो तं कोनाचं काई बुडत नाई." माझं शिक्षण कुणामुळे झालं असं मला विचारलं तर अब्बांच्या पाठोपाठ मी त्यांचं नाव घेईन.

मग माझं लग्न झालं, ब्रह्मपुरीतच. सासरचं लेस, बटनं, दोरे आणि लोकरीचं दुकान. क्रोशाची सुई मी सासूच्या हाताखाली धरायला शिकले आणि पुढं शेजारच्या मुलींना शिकवू लागले. मुरलीभाऊंची बदली झाली, नंतर ते निवृत्तही झाले, वैनगंगेपलीकडं गडचिरोली जिल्ह्यात आपल्या गावी राहायला गेले, असं कानावर आलं होतं. अनेक वर्षांनी एका दुपारी शांताबाई दुकानात आल्या. त्यांच्यामागं एक वाळलेला माणूस, मानेला दुपट्टा गुंडाळून. डोळ्यांवरून मी ओळखलं. "भाऊ, या ना, बसा," मी म्हणाले. ते हसले, पण बोलले नाहीत. मी शांताबाईंकडं पाहिलं. त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं की घशाचा कॅन्सर झाला होता, नागपूरला ऑपरेशन केलं, बोलायचं सगळं आतून काढून टाकलं. मुरलीभाऊंनी दुपट्टा जरासा खाली केला. गळ्याच्या खालच्या टोकाला, दोन हाडांच्या मधोमध, एक भोक होतं. ते आता तिथून श्वास घेत होते.

त्या काय मागायला आल्या होत्या ते मला कळायला वेळ लागला. भोक झाकावं तर लागतंच, नाहीतर धूळ आत जाते, किडामुंगी जाते. दवाखान्यातली पट्टी ओली होऊन चिकटायची. दुपट्ट्यानं जीव गुदमरायचा, आणि त्याचा एखादा सुटा धागा आत ओढला गेला की खोकून खोकून माणूस निळा पडायचा. आणि उघडं ठेवावं, तर लोक बघायचे. एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा पान उचलून दुसऱ्या ओळीत जाऊन बसला. तेव्हापासून मुरलीभाऊंनी बाहेर पडणंच सोडलं होतं. आज शांताबाईंनी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं होतं. "जाळीदार काई भेटन का बाई?" त्या म्हणाल्या. "हवा जाईन, पन दिसनार नाई असं."

असं तयार काही मिळत नव्हतं. मी म्हटलं, मी करून देते. लोकर घेऊन चालणार नव्हतं, तिचे केस सुटतात; म्हणून मऊ सुती दोरा घेतला. पहिल्यांदा नुसती जाळी विणली, तर श्वास घेताना ती आत ओढली जाऊन कातडीला चिकटायची. मग जाळीच्या एका ओळीवर उठावाच्या खांबांची एक ओळ घातली. क्रोशात खांब म्हणजे उभा टाका; तो खालच्या खांबाला बाहेरून वळसा देऊन घेतला की कापडावर बोटाला लागेल असा कंगोरा उभा राहतो. त्या कंगोऱ्यांनी जाळी गळ्यापासून जरा लांब राहिली. पण लांब पट्टीची टोकं जेवताना वरणात पडायची. म्हणून शेवटी दोन्ही टोकं जोडून टाकली आणि स्कार्फ गोल केला. गळ्यात दोन वेढे घालायचे, धूळ असेल तेव्हा वरचा वेढा खाली ओढायचा. टिकल्यांच्या पाकिटांमागं आमचा एक छोटा आरसा आहे, त्यात मुरलीभाऊंनी स्वतःला बराच वेळ पाहिलं. मग ओठ हलवले. ते ओठ फक्त शांताबाईंना वाचता यायचे. "म्हनते, गळ्याशी काई आहे असं वाटूनच नाई राह्यलं," त्यांनी सांगितलं आणि तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला.

पुढच्या बाजाराला मुरलीभाऊ एकटेच आले. माझ्या हातातल्या सुईकडं बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. त्यांना शिकायचं होतं. खर्रा सुटला होता, पण तळहातावर अंगठा घोटायची सवय सुटत नव्हती. हाताला काही काम हवं होतं. मी त्यांना काउंटरच्या मागं बसायला जागा करून दिली. आलेल्या बायका आधी हसायच्या, पुरुषमाणूस क्रोशा करतो म्हणून. ते खाली मान घालून साखळीचे टाके घालत राहायचे. बोटं जाड, दोरा घट्ट ओढायची सवय. शिकायला फार वेळ लागला. चुकलं की चुटकी वाजवायचे, मग मी उसवून द्यायचे. मी नमाजाला आत गेले की दुकानाकडं तेच बघायचे. गिऱ्हाईक आलं तर काउंटरवर टकटक करायचे. त्यांचा पहिला स्कार्फ जोडताना साखळीला पीळ पडला होता. मी म्हटलं, उसवा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि तसाच पिळाचा गळ्यात घालून घरी गेले. पुढच्या दोन हिवाळ्यांत ते पुन्हा बाहेर पडू लागले. बसमध्ये बसायचे, बाजारात यायचे, चहाच्या टपरीवर थांबायचे. मला वाटलं होतं, आता हे असंच चालत राहील...

तपासणीसाठी नागपूरला गेले असताना तिथल्या व्हरांड्यात त्यांना गडचांदूरचा एक माणूस भेटला. सिमेंटच्या कामावरचा, वयानं लहान, गळ्याला तसंच भोक, आणि त्यावर रुमाल दाबून धरलेला. मुरलीभाऊंनी त्याच्यासाठी स्कार्फ करायला घेतला. एवढं नेटकं काम त्यांनी स्वतःसाठीही केलं नव्हतं. पूर्ण झाल्यावर कागदात गुंडाळून, बस बदलत गडचांदूरला गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर ती पुडी तशीच आणून ठेवली. दारातच त्या माणसाचा हार घातलेला फोटो दिसला होता. शांताबाई सोबत होत्या. मुरलीभाऊ ओठ हलवत राहिले आणि त्या मला सांगत राहिल्या: त्या घरच्यांना कळेचना हा मुका माणूस कोण, कशाला आला, त्याच्या आईनं मात्र यांच्या गळ्याकडं पाहिलं आणि सगळं समजली, पाणी दिलं. शेवटी मुरलीभाऊ काही तरी बोलले, ते मात्र शांताबाईंनी सांगितलं नाही. मी विचारलं, काय म्हणाले? "म्हनते, आता माह्यीच पाळी."

त्यानंतर बरेच दिवस त्यांनी सुई हातात घेतली नाही. पुढं घेतली, पण विणता विणता चुटक्या वाजवणं, बोटानं दाखवणं थांबलं. नुसता हात चालायचा. एकामागून एक गोल स्कार्फ करत गेले, कुणासाठी ते सांगत नसत. पावसाळ्यात मानेला गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी शांताबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या, जे आवडतं ते खाऊ घाला. खायला तर काहीच जात नव्हतं.

मी शेवटचं भेटायला गेले तेव्हा ते ओसरीवर खाटेवर पडून होते. गाठीमुळं मान वाढली होती आणि स्कार्फचे दोन वेढे बसत नव्हते, एकच सैल वेढा होता. मी हात हातात घेतला. त्यांनी माझ्याकडं बघून ओठ हलवले. मला कळलं नाही. शांताबाई जवळ वाकल्या, त्यांनाही कळलं नाही. ओठ सुजले होते. त्यांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा एकदा सांगितलं. मग थकले आणि डोळे मिटले. काय सांगायचं होतं, ते आम्हा दोघींनाही कधी कळणार नाही. जुन्या काळी नदीपार ऐकू जाईल असा आवाज असलेला माणूस...

फोन आल्यावर मी आणि माझे मालक तसेच निघालो. पोचलो तेव्हा अंघोळ घालून झाली होती आणि भाऊबंदांतले एक वयस्कर गृहस्थ सांगत होते की अंगावर नवं कापड सोडून दुसरं काही ठेवायचं नसतं, गळ्यातला तो स्कार्फ काढा. एकानं हात पुढं केला. कोपऱ्यात बसलेल्या शांताबाई रडायच्या थांबल्या.

"नोका काढू तो," त्या म्हणाल्या. "त्या पंगतीपासून उघड्या गळ्यानं उंबऱ्याबाहेर पाय नाई टाकला त्यायनं. आज काऊन टाकतीन?"

पुढं केलेला हात मागं गेला. स्कार्फ राहिला.

मागच्या आठवड्यात शांताबाई दुकानात आल्या, पहिल्यांदाच एकट्या. सोबत गाठोडं होतं, मुरलीभाऊंनी केलेले स्कार्फ, धुऊन घड्या घातलेले. कोनाले लागले तं द्या, म्हणाल्या. चहा घेतला नाही, पाणीही घेतलं नाही, बसची वेळ झाली म्हणून लगेच निघाल्या. आणि परवा ऊर्जानगरहून एक बाई आपल्या नवऱ्याला घेऊन आल्या. नागपूरच्या दवाखान्यात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ब्रह्मपुरीत असं मिळतं. नवरा खाली बघत उभा होता, गळ्यावर रुमाल. मी गाठोड्यातला वरचा स्कार्फ काढून त्याच्या गळ्यात घातला, दोन वेढे दिले आणि जोड मानेमागं नेला. त्या जोडापाशी दोऱ्याचं टोक बोटभर बाहेर राहिलं होतं. टोक आतल्या टाक्यांत ओवून लपवायचं असतं, मी मुरलीभाऊंना कितीदा सांगितलं, त्यांना ते कधी नीट जमलं नाही. कात्री माझ्या हाताशीच होती. त्या माणसानं श्वास घेतला. जाळी जराशी आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. मी ते टोक तसंच राहू दिलं आणि त्या माणसाच्या शर्टाची कॉलर त्यावर ओढून घेतली.