पुढच्याला पाठव

घोडेगावात डॉक्टर अजिनाथ येळवंडे यांच्या दवाखान्यात कुणी पहिल्यांदाच आलं, की बाहेरच्या बाकावर बसलेला काकासाहेब त्याला मुद्दाम सांगायचा, "घाबरू नका पाव्हनं. डॉक्टर आधी वाजवत्यात, मंग औषध देत्यात." म्हशींच्या बाजारात दलाली करण्यात त्याची हयात गेलेली; कुणाची तरी चेष्टा केल्याशिवाय त्याला करमत नसे. पाहुणा चुळबुळायला लागला की आतून डॉक्टर ओरडत, "काकासाहेब, तुलाबी एकदा चांगला वाजवायचाय!"

वाजवणं खरंच होतं. डाव्या हाताचं मधलं बोट पेशंटच्या पाठीवर सपाट ठेवायचं आणि त्यावर उजव्या बोटानं ठोका द्यायचा. निरोगी छाती पोकळ वाजते. आत पाणी धरलं असेल तर भरल्या पोत्यासारखी बद्द. सगळेच डॉक्टर हे शिकतात, पण यांच्या बोटांना त्याची खोडच जडली होती. बाजारातलं कलिंगड, कुणाच्या घरची ज्वारीची कोठी, जे समोर येईल ते वाजवून बघत. साळूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना खोकला होता. नवऱ्यानं पहिल्यांदा अंगाला हात लावला तो पाठ वाजवायला. "पोकळ हाय!" असं तो इतक्या आनंदानं म्हणाला की नवरी कितीतरी दिवस रुसून होती.

दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत, मधे नुसती फळ्यांची भिंत. कितीही गर्दी असली तरी संध्याकाळी डॉक्टर आत येऊन मुलाला, सुनीलला, शेजारी घेऊनच जेवत. निजताना सुनील पालथा पडून म्हणायचा, "आबा, मला वाजवा." त्या ठोक्यांवर त्याचा डोळा लागायचा. पुढे नात झाली, सृष्टी, तिलाही तेच लागायचं.

फळ्यांपलीकडच्या ठोक्यांवरून साळूबाईंना सगळं कळे. बोटं भराभर पुढे सरकली की समजायचं, ठीक आहे. मग डॉक्टर पोराच्या खांद्यावर थाप मारून म्हणत, "जा, खेळ. पुढच्याला पाठव." पण कधी कधी बोटं एकाच जागी थांबत. टक, टक, आणि मग तिथंच बद्द. पुन्हा तिथंच. तेव्हा साळूबाईंच्या हातातली भाकरी थांबायची.

गेल्या थंडीत डॉक्टर जेवून खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. दवाखाना बंद झाला. टेबल, स्टूल, खुर्ची मात्र कुणी हलवली नाही.

उन्हाळा लागला आणि एका दुपारी साळूबाईंना फळ्यांपलीकडून आवाज आला. टक, टक. त्यांना वाटलं, पाल असेल. दुसऱ्या दुपारीही आला. सुनीलला सांगावं तर तो म्हणणार, आईच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी भांडी जरा जोरात घासायला सुरुवात केली. तरी तो आवाज भांड्यांच्या आवाजाखालून येतच राहिला, आणि एके दिवशी एकाच जागी थांबला. बद्द. पुन्हा बद्द.

साळूबाईंनी ओल्या हातानंच दार ढकललं.

सृष्टी स्टुलावर बसली होती. दाराकडे तोंड, खुर्चीकडे पाठ. खुर्ची रिकामी होती. पोरीनं श्वास कोंडून धरला होता.

"काय करती गं हितं?"

"हालू नको, आजी. आबा वाजवत्यात."

खोलीत स्पिरिटचा वास होता. बाटली तर कधीच आटून गेली होती.

"मंग झालं न्हाई का वाजवून?"

"न्हाई ना," सृष्टी रडवेली झाली. "रोज हितंच वाजवत्यात. जा, खेळ म्हनतच न्हाईत." आणि तिनं हात मागे वळवून पाठीवर डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली बोट ठेवलं.

पोरीला खोकला होता, अंग बारीक कढत असायचं. सुनेनं, रेश्मानं, तिला दाखवून औषधही आणलं होतं. साळूबाईंनी पोरीच्या पाठीवर बोट टेकवलं. आयुष्यात कधी कुणाची पाठ वाजवली नव्हती, पण हात आपसूक उठला. उजवीकडे पोकळ. डावीकडे भरलं पोतं.

सुनील फॅक्टरीतून आल्या आल्या त्यांनी त्याला उंबऱ्यातच धरलं. "पोरीला आत्ताच्या आत्ता नगरला ने. फोटो काढ छातीचा."

"अगं, परवाच दाखवलंय की. तू कधीपासनं डॉक्टर झालीस?"

"मी न्हाई झाले." त्यांनी फळ्यांच्या भिंतीकडे पाहिलं. "तुज्या बापाला अजून ती बरी वाटंना."

सुनील हसणार होता. पण आईनं पोरीच्या पाठीवर ठोका दिला आणि तो आवाज त्यानं ऐकला. तो चपला न काढताच परत फिरला.

नगरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. डाव्या फुप्फुसाभोवती पाणी होतं. "वेळेवर आणलंत," ते म्हणाले. "कुणाच्या लक्षात आलं?"

"घरच्याच डॉक्टरांच्या," रेश्मा म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली.

पाणी काढलं, औषधं सुरू झाली. पावसाळा सरता सरता सृष्टीच्या गालांवर मांस आलं. तेवढे दिवस फळ्यांपलीकडे अगदी शांत होतं. साळूबाई दुपारी भांडी घासायच्या थांबून कान देत, आणि काहीच आलं नाही की पुन्हा घासायला लागत. आवाजाची त्यांना भीती वाटत होती. आता तो नाही याचंही वाईट वाटू लागलं.

मग एका दुपारी तो आला. भराभर, हलका, पोकळ, कुठंही न थांबता. दार उघडून सृष्टी उड्या मारत बाहेर आली.

"आजी, सुटले मी! आबा म्हनले, जा, खेळ."

साळूबाईंनी डोळे पुसले. "बरं झालं बाई. जा, खेळ."

पोरगी अंगणात पळाली, आणि काहीतरी विसरल्यासारखी दारात परत आली.

"आन् म्हनले, आता आजीला पाठव."

चुलीवरचं दूध उतू जायला आलं होतं. साळूबाईंनी ते उतरवून ठेवलं, हात पुसले, पदर सारखा केला. फळ्यांपलीकडे खुर्ची जराशी करकरली.

"आले," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन खुर्चीकडे पाठ करून स्टुलावर बसल्या.