याकूबसरांचे बूट

आमच्या वर्गात डबे उघडले की तिसऱ्या घासाला याकूबसरांचा विषय निघतो. एकीनं एक सांगितलं की दुसरीला दुसरं आठवतं, आणि घंटा होईपर्यंत भाकरी तशीच राहते. मी तिथं फारसं बोलत नाही. पण माझे वडील याच शाळेत मराठी शिकवतात आणि सर संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतात, त्यामुळे माझ्याकडे इतरांपेक्षा जास्त साठलं आहे. बोलायला जमत नाही, म्हणून लिहून काढते.

सर आमचे ड्रिलमास्तर. जिल्ह्याच्या शालेय फुटबॉल टीमचे मॅनेजरही होते. होते म्हणजे गेल्या दसऱ्यापर्यंत.

*

सर मूळचे हैद्राबादचे. त्यांचे आजोबा आफ्रिकेतून जहाजानं आले आणि निजामाच्या पलटणीत लागले. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर पलटण मोडली, घरची ती नोकरी गेली, तेव्हा सर नोकरीसाठी तुळजापूरला आले. उंच, काळेभोर, दाट कुरळे केस. पहिल्याच दिवशी बांगड्यावाल्या काशीबाईंनी त्यांना रस्त्यात थांबवलं.

"कुठलं म्हणायचं गाव?"

"हैद्राबाद."

"ते झालं. त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी समुद्र, बाई."

काशीबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मग लई लांबून आलात. बसा, पाणी प्या."

*

सरांनी फुटबॉल सुरू केला तेव्हा पहिली तक्रार दिगूच्या वडिलांची आली. ते देवीचे पुजारी. दिगू आमच्या टीमचा कॅप्टन.

"सर, पोरगं डोक्यानं चामडं हाणतंय. उद्या त्यानं देवीपुढं कसं उभं राहायचं?"

सर म्हणाले, "काका, देवीपुढं संबळ वाजतो. तो कशानं मढवलाय?"

काका म्हणाले, "बरं. पण खेळून झालं की आंघोळ घालून घरी पाठवा."

तेव्हापासून सगळ्या टीमला मैदानाच्या विहिरीवर आंघोळ सक्तीची झाली. थंडीत लतीफ कुरकुरायचा, "सर, मला कुठं गाभाऱ्यात जायचंय?"

"तुला तुझ्या अम्मीच्या स्वयंपाकघरात जायचंय," सर म्हणायचे. "तिनंच सांगितलंय."

*

टीम निवडायची सरांची रीत वेगळी होती. पौर्णिमेला देवळाकडच्या गल्लीत मुंगी शिरणार नाही एवढी गर्दी असते. सर पेढ्यांच्या दुकानाच्या फळीवर बसून राहायचे. एकदा एक मुलगा डोक्यावर पेढ्यांची परात घेऊन त्या गर्दीतून उतरत आला. कुणाला धक्का नाही, परातीतला एक पेढा हलला नाही. सर फळीवरून उठले.

"नाव काय रे?"

मुलगा घाबरला. "म्या काय केलं न्हाय, सर."

"तेच म्हणतोय. उद्या मैदानावर ये."

तो आमचा आत्ताचा लेफ्ट आउट, नामदेव. अजूनही बॉल घेऊन पळताना त्याची मान परात असल्यासारखी ताठ असते.

*

सोलापूरच्या एका शाळेबरोबर मॅच होती. हाफ टाइमला आमच्यावर चार गोल होते. मुलं खाली मान घालून बसली. सरांनी प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाले, "चार झाले. पण चार झाले म्हणून पाचवा झालाच पाहिजे, असं कुठं लिवलंय?"

पाचवा झाला नाही. सहा दिवस गावात आम्ही जिंकल्यासारखं चाललं होतं.

*

सरांचे बूट साऱ्या शाळेला माहीत आहेत. काळे, आरशासारखे. धुळीच्या मैदानातही ते बूट घालूनच उभे राहतात. एकदा ओट्यावर वडिलांनी सहज विचारलं, "याकूबसाहेब, रोज एवढी पॉलिश कशाला?"

सरांनी सांगितलं की ते लहानपणापासून अनवाणीच खेळले. बावीस वर्षांचे असताना संस्थानाच्या मोठ्या टीममध्ये त्यांची निवड झाली. तिथल्या मॅनेजरनं सगळ्यांना बूट दिले. सरांना बुटात पळता येईना. अर्ध्या मॅचमध्ये त्यांनी ते काढून बाजूला ठेवले, तर मॅनेजरनं त्यांनाच बाहेर काढलं. "बूट नहीं तो टीम नहीं."

"मग?"

"मग घरी आलो. परत कुठल्या टीममध्ये खेळलो न्हाय."

"आणि आता रोज बूट?"

सर हसले. "मास्तर, आता मी खेळाडू थोडाच आहे."

*

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या टीमला पहिल्यांदा बूट मिळाले. तिच्यात बहुतेक आमच्याच शाळेची मुलं होती. मुलं चार महिने त्यात पळायला शिकली. शेजारच्या जिल्ह्याबरोबरची मॅच धाराशिवला ठरली. जिंकलो तर औरंगाबादला जायचं होतं. तारखेचं पत्र जूनमध्ये आलं, तेव्हा सरांनी इंग्रजी कॅलेंडर पाहून सही केली होती.

ती नवरात्रातली पाचवी माळ निघाली.

आमच्याकडे घट बसले की पुजाऱ्यांच्या घरातले नऊ दिवस पायात काही घालत नाहीत. अकरातले सहा जण पुजाऱ्यांच्या घरचे. धाराशिवला माझ्या आत्याचं घर मैदानाला लागून आहे, टीमबरोबर आलेल्या वडिलांना मी तिथून उपासाचा डबा द्यायला गेले होते, म्हणून मला सगळं जवळून दिसलं. सहा जोड बूट गवतावर ओळीत ठेवलेले होते आणि त्यांच्या मागं सहा मुलं उभी होती.

रेफ्री म्हणाले, "नियम लेखी आहे. अकराही जणांच्या पायात बूट पाहिजेत. नाहीतर मॅच त्यांची."

वडील दिगूला हळूच म्हणाले, "घाल रे तासाभरासाठी. देवी समजून घेईल."

दिगू सरांकडे बघत होता. "सर, तुम्ही म्हणाल तर घालतो."

रेफ्रीही सरांकडे बघत होते. सगळेच बघत होते.

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "तारीख पाहिली, घट कधी बसतात ते विचारलं न्हाय."

मग ते खाली बसले. आपल्या काळ्या बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे आत कोंबले आणि बूट त्या सहा जोडांच्या शेजारी नीट ओळीत ठेवून दिले. अनवाणी उभे राहून रेफ्रींना म्हणाले, "लिवा. मॅच त्यांची."



*

दसऱ्यानंतर जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं. बूट पुरवलेले असताना खेळाडू अनवाणी का आले आणि किती आले, याचा मॅनेजरनं लेखी खुलासा करावा.

सर पत्र घेऊन ओट्यावर आले. वडील म्हणाले, "सरळ लिहा, मी सांगितलं होतं, मुलांनी ऐकलं नाही. कोणी तुम्हाला काढणार नाही."

"मुलांनी मला विचारलं होतं, मास्तर."

"ते कचेरीला कुठं माहीत आहे?"

सरांचं शिक्षण उर्दूत झालेलं, मराठी अक्षर अजून बसलेलं नाही. त्यांनी मला हाक मारली. "बेटी, तुझं अक्षर चांगलं आहे. मी सांगतो, तू लिव."

मी दौत-टाक घेऊन बसले. सरांनी सांगितलं तसं लिहीत गेले. तारीख मी मान्य केली. चूक माझी आहे. मुलांचा दोष नाही. नवरात्रामुळे आमच्या टीमचे खेळाडू अनवाणी होते.

"किती ते लिव."

मी लिहिलं, सहा.

सरांनी वाकून पाहिलं. "सात लिव."

मी सरांपुढं कधी बोलत नाही. पण आकडा चुकीचा जाऊ नये म्हणून बोलले. "सर, सहाच होते. मी मोजले होते."

"सात लिव, बेटी."

मी सहा खोडून सात लिहिलं. सरांनी खाली सही केली.