जबडा धरणारे काका

खामगावच्या बाजारात कवळ्या बनवणारे एक काका आहेत. बोलताना ते माणसाच्या डोळ्यांकडे नाही, दातांकडे बघतात. मी चौथीत शाळा सोडून कोकणातून इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये आलेला. रात्रभर झोपूनही कामावर डुलक्या यायच्या. एकदा हात यंत्राच्या पात्यापाशी गेला. पुन्हा झोपलास तर घरी जा, असं मुकादमानं बजावलं.

त्याच आठवड्यात दाढ दाखवायला गेलो आणि काकांच्या खुर्चीतच झोपलो. जाग आली तेव्हा त्यांनी माझा खालचा जबडा दोन्ही हातांनी पुढे ओढून धरला होता.

"घोरता घोरता तुया दम थांबून राह्यला होता बे. झोपेत जबडा मांगं पडते, नरडं बंद होते. पुढं धरला तं कसा लेकरावानी झोपला!"

बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "अन् माही कवळी? तासभर झाला."

"आज भाकर कुस्करून खाय."

मी पात्याची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी कवळीच्याच गुलाबी मसाल्याचा, जबडा पुढे धरणारा साचा मला रात्री दातांवर घालायला करून दिला. आठवडाभर दात ठणकले, लाळ गळली. पण डुलक्या थांबल्या.

आता काका भेटले की माझे दात बघत नाहीत. म्हणतात, "हात दाखव." मी दहाही बोटं पसरून दाखवतो.