मामांची न पडणारी पाखरं

दौंड आणि शिरूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी आमच्या मामांइतका घाईचा माणूस सापडायचा नाही. मामांना बसलेलं मी पाहिलंय ते फक्त मोटारसायकलवर, आणि तिथंही ते सीटच्या पार पुढच्या टोकाला, जणू गाडीच्या आधी आपण पोचलो तर बरं. लग्नाला मांडववाल्यांच्या आधी हजर. चहा सांगितला की कप यायच्या आधीच फुंकर सुरू. कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ते ऑपरेटर आहेत. तिथं म्हणे मामांनी हेल्मेट काढलेलं बघून शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजवतात. मामी म्हणतात, "ह्यांच्या आईनं ह्यांना नऊ महिनं कसं थोपवून धरलं, देवालाच ठावं."

अशा माणसाला नाद लागला तोही असल्या गोष्टीचा, की जिच्यात सगळं उशिरानंच होतं.

झालं असं, की मागच्या साली आजी गेली. पुढं दिवाळीचा विषय निघाला तेव्हा माझी आई फोनवर मामांना म्हणाली, "आता दौंडला कशाला यायचं, भावड्या? आई गेली, माहेर सरलं."  मामा नुसतं "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि थेट माळ्यावर चढले. खाली आले ते हातात प्लास्टिकची नारिंगी बंदूक घेऊन.

ती बंदूक म्हणजे आईचं माहेरपण होतं. मी लहान असताना मामांनी दौंडच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणला होता. त्यात पाखरं मारायचा एक गेम होता. दिवाळीला आई आली की फराळाचं ताट बाजूला सारायची, पदर खोचायची आणि बंदूक हातात घ्यायची. सासरी जिचा आवाज शेजारच्या खोलीत जात नव्हता ती इथं पाखरागणिक आरोळी ठोकायची. नेम चुकला की पडद्यावर टोपीवालं माकड येऊन दात काढायचं. आईला ते माकड क्वचितच दिसलं. मामांची आणि त्याची मात्र रोजची ऊठबस होती.

तो डबा कधीच जळून गेला होता. बाजारात तसलाच नवा मिळाला, पण त्यातली पाखरं वेगळी निघाली. मामा म्हणाले, "आक्काला फसवायचं न्हाई. तीच पाखरं पायजेत. भाऊबीजेला पाखरं उडाली ना, मंग बघ कशी येत न्हाई ती."

इथं मी ह्यात ओढला गेलो. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आईवडिलांनी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भाजी विकून मला शिकवलं, आणि हे मी छाती पुढं काढून सांगतो. पदवी रसायनशास्त्राची आहे, एवढं एक मामांना कधी पटलं नाही. "सायन्सच हाय ना? मंग टीव्ही बी सायन्सच हाय. बस हितं."

मी बसलो. दोन काडेपेट्यांएवढा एक कॉम्प्युटर आणला आणि त्यात इम्युलेटर घातला. इम्युलेटर म्हणजे नव्या यंत्राला जुन्या डब्याचं सोंग घ्यायला लावणारं सॉफ्टवेअर. पण सोंग घेणारा बहुरूपी कितीही तयारीचा असला तरी त्याचे बूट त्याचेच असतात. पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या रुंद टीव्हीवर पाखरं ताणली जाऊन ब्रॉयलर कोंबड्यांसारखी दिसायला लागली. "एवढं वजान घिऊन ही उडत्यात कशी?" असं म्हणत मामांनी टीव्हीच्या दोन्ही कडांना काळी टेप चिकटवली. मामी म्हणाल्या, "झापडं बांधली का त्येला, बैलावानी?" त्यावरची सेटिंग मला सापडली, पण टेप निघाली तेव्हा टीव्हीचा थोडा रंगही घेऊन गेली. मग गाणं. जुना डबा मुळात जरा सावकाश चालायचा; आता तेच गाणं भराभर वाजायला लागलं. मामांनी कपाळाला आठी घातली. "काय घाई हाय ह्येला एवढी?" मामी जेवता जेवता ताटावरून उठून हसायला बाहेर गेल्या.

खरं दुखणं होतं उशिराचं. डब्यातल्या दुसऱ्या गेममध्येही बटण आज दाबावं आणि पडद्यावरच्या गड्याची उडी सवडीनं निघावी, अशी तऱ्हा. मामांनी निदान कंपनीतल्या अनुभवावरून केलं: "लाइन लांब आसली की प्रेशर उशिरा येतं. पाइप कमी कर." मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी बटणांची वायर कापून वीतभर केली आणि डाग देऊन पुन्हा जोडली. उशीर होता तेवढाच राहिला, फक्त आता टीव्हीला नाक लावून खेळावं लागत होतं. शेवटी त्यांनी आपलाच मार्ग काढला. गेम मागं चालतो ना, मग माणसानं पुढं चालायचं. बटण आधीच दाबायचं. ती सवय हाताला लागली आणि हातातून घरभर पसरली. न्हावऱ्याच्या अलीकडचा गतिरोधक यायच्या कितीतरी आधी ब्रेक. मामींनी "अहो, भाजी..." म्हणायचा अवकाश, की "झ्याक झालीया!" मामी म्हणायच्या, "आणा म्हणत व्हते!"

बंदूक मात्र आधी दाबूनही चालेना. मी वाचून काढलं आणि मामांना समजावलं: चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, पाखराच्या जागी पांढरा ठिपका येतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. जुन्या खोक्यासारख्या टीव्हीवर तो उजेड तिथल्या तिथं यायचा. नवा टीव्ही आधी विचार करतो, मग दाखवतो. तोवर बंदुकीनं डोळा मिटलेला असतो.

"म्हंजी बंदूक आंधळी न्हाई. टीव्ही लेट हाय," म्हणत मामा चप्पल घालून निघालेसुद्धा. कोरेगाव भीमाच्या एका बंद पडलेल्या ढाब्यातून त्यांनी जुना टीव्ही मिळवला आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी कवटाळून दौंडला आणला. आता नव्या कॉम्प्युटरची पिन जुन्या टीव्हीला बसेना, म्हणून मधे एक डबी जोडली. चित्र आलं. पाखरं सडपातळ दिसली. भाऊबीजेची सकाळ होती. मी म्हणालो, "मामा, पण ह्या मधल्या डबीतपण वेळ..." बाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मामा आईला आणायला गेले होते.

आई आली ती पिशवीविना. "ववाळून सांजच्याला माघारी जायचंय," हे उंबऱ्यातच सांगून टाकलं. आजीच्या खाटेकडं तिनं पाहिलं नाही. मामांनी बंदूक पुढं केली. आईनं नको नको म्हणत घेतली, एक डोळा मिटला आणि चाप ओढला.

पाखरू उडून गेलं. माकड आलं आणि हसलं.

पुन्हा. माकड. पुन्हा. माकड. मामा घामाघूम. वायर हलवतात, टीव्हीला थापट्या मारतात, माझ्याकडं असं बघतात की मीच पाखरं उडवतोय. "आक्के, जरा आधी दाब. आधी!"

"आधी म्हंजी कवा? पाखरू निघायच्या आधी?" आईचा पदर कधी खोचला गेला ते तिलाही कळलं नाही. "आन् ह्यो मेला मला हसतोय? मला? भावड्या, ह्येला नीट कर."

"करतो की. पर आज व्हईल आसं वाटंना."

आईनं बंदूक मांडीवर ठेवली आणि मामींना हाक मारली. "वयनी, तुजं एक लुगडं दे गं. ह्या माकडाचं त्वांड बंद झाल्याबिगर मी काय हलत न्हाई."

चांगली आठवडाभर राहिली. आजीच्याच खाटेवर झोपली.

त्याला आता बरेच महिने झाले. संक्रांतीला आई दौंडला गेली, यात्रेला गेली, कांदे काढून झाल्यावरही गेली. निघायच्या आधी फोन करते, "लागतोय का रं नेम?" आणि मामा म्हणतात, "न्हाई आजून, आक्के. तू येऊन बघ."

मध्ये मला वाचायला मिळालं, की नव्या टीव्हीवरही चालणारी वेगळ्या जातीची बंदूक आता मिळते. मी मुद्दाम दौंडला जाऊन मामांना सांगितलं. ज्या माणसानं माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही, त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहाचा कप समोर होता, निवत चालला होता.

"बघू की," मामा म्हणाले. "घाई काय हाय?"