एकवीस दिवसांची लंका

तीस वर्षं मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, तोही बहुतेक सगळा न पाहिलेला. खाड्या, भूशिरं, खारे वारे, मतलई वारे. फळ्यावर श्रीलंका काढायला मला खडूचा एक फटकारा पुरायचा. आणि सगळं आयुष्य गेलं औरंगाबादेत, जिथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र दिवसभराच्या वाटेवर. एखादी आगाऊ पोरगी विचारायची, "बाई, तुम्ही गेलात का तिथं?" मी म्हणायचे, "परीक्षेत ते विचारणार नाहीत, गप लिहून घे." रिटायर झाले, मग हे गेले, आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी एका सकाळी चहा पिता पिता मी ठरवलं की जायचं. श्रीलंका, सबंध, गोल फिरून, तीन आठवडे.

यात्रा कंपनीबरोबर जा, असं ज्यानं त्यानं सांगितलं. छे! सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या पिवळ्या टोप्या, सकाळी सहाला शिट्टी आणि परक्या देशात संध्याकाळी पुरणपोळी. पुरणपोळी मला उस्मानपुऱ्यात मिळते. भूगोलाच्या मास्तरणीला कुणी शिट्टी वाजवून बसमध्ये चढवायचं म्हणजे तीस वर्षांची नोकरी पाण्यात गेली म्हणायची. मी माझी वही काढली, नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, आणि पुढचे दोन महिने जेवण मांडीवर ताट घेऊन झालं.

पहिला प्रश्न महिन्याचा. ओळखीतले सगळे म्हणत होते, डिसेंबरात जा, कोरडं असतं. अहो, कोरडं आपल्याकडं! आपल्या मराठवाड्यात पाऊस एकच, तोही आला तर आला. तिकडं दोन पाऊस. एक आपल्यासारखा जूनचा, तो नैर्ऋत्येकडून येतो, आणि दुसरा ऐन थंडीत ईशान्येकडून. डिसेंबरात पूर्वेच्या किनाऱ्यावर गेलात तर छत्रीखालीच बसायचं. मी एकेकाला बसवून हे समजावलं, काहींना दोनदा. फेब्रुवारीचा शेवट ठरला. कोलंबोत उतरायचं, उत्तरेला अनुराधापुर, तिथून पूर्वेला त्रिंकोमाली, मग आत सिगिरिया, कँडी, कँडीहून आगगाडीनं चहाच्या मळ्यांतून डोंगरावर, डोंगर उतरून दक्षिणेचा किनारा, गॉल, आणि परत कोलंबो. कुठल्या दिवशी कुठं मुक्काम, कुठली गाडी, चुकली तर पुढची कुठली, सगळं लिहिलं. चुकीला जागा ठेवली नव्हती.

दुसरा प्रश्न पाण्याचा. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, तेही कधी पहाटे, कधी भर दुपारी. त्यामुळं परदेशी जाणाऱ्या माणसाला आमच्या शहरात पहिल्यांदा व्हिसाचं नाही विचारत, "टाकी कोण भरणार?" असं विचारतात. माझी टाकी वरच्या मजल्यावरच्या भाबींनी पत्करली. भाबी उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या आणि माझ्याइतक्याच तोंडाळ. "किल्ली देके जाव टीचर," त्या म्हणाल्या, "पानी मैं भर लेतीउं. वापस आके बस तुम मेरेकू नकाशा मत सिखाव."

आक्का यात आली ती अशी. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पाच वर्षांनी मोठी, चितेगावला दिलेली. दाजी केव्हाच गेले, ती शेतात राहते, मुलाजवळ. बाळंतपण आणि मयत सोडून तिनं गाव आणि माझं घर याच्यापलीकडं पाऊल टाकलं नाही. थंडीत तुरीच्या शेंगा घेऊन आली होती. पदरानं तोंड पुसत टेबलापाशी उभी राहिली.

"हे काय गं? आंब्याची कोय?"

"देश आहे तो. बेट. चौफेर समुद्र आहे त्याच्या."

"चौफेर?" तिनं बोट ठेवून कडेकडेनं सावकाश फिरवलं, परत जिथून निघालं तिथं आणलं. "मी येते."

एवढंच. तिनं जन्मात माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं दोघींच्या हिशेबानं मुक्काम बदलायला घेतले. आणि खरं सांगायचं तर मी थोडी फुगलेसुद्धा. भाजीवालीपासून बँकेतल्या माणसापर्यंत सगळ्यांना सांगत सुटले, "आक्काला समुद्र दाखवायला नेतेय मी. तिनं कधी पाहिला नाही ना." लोक म्हणायचे, अशी बहीण नशिबानं मिळते. मी नको नको म्हणत ऐकून घ्यायचे.

आक्कानं मात्र माझ्या आखणीची पार वाट लावली. सिगिरियाच्या भित्तिचित्रांना मी अख्खा दिवस दिला होता. ती म्हणाली, "लेणी? तिकडं लेणी बघाया जायचं? हितं दोन दोन ठेवल्यात सरकारनं, ती काय पाठ झाली का तुला?" मग विचारलं, "समुद्राला किती दिवस?" मी म्हणाले, तीन. "एकवीसातलं तीनच?" मी कुरकुरत नऊ केले. अनुराधापुरातला एक दिवस गेला, संग्रहालय गेलं, आणि वहीत नुसता किनाराच किनारा झाला.

मग आलं पासपोर्टचं. माझा होता, मुलगा परदेशी असल्यामुळं. आक्काचा काढायचा होता. आमच्या पिढीत मराठवाड्यात जन्मतारीख ही मास्तरनं द्यायची वस्तू होती. आई-बाप पोराला शाळेत घेऊन जायचे, मास्तर दात बघायचा आणि एक जून लिहून टाकायचा. अख्ख्या गावाचा वाढदिवस एक जून. माझाही एक जूनच. आईच्या हिशेबात आक्का निजामावरच्या पोलिस ॲक्शननंतर पंधरा दिवसांनी, बाजरी काढणीला आली तेव्हा झाली, पण हे कुठल्या कागदावर लिहिणार? मतदान कार्डावर तिचं वय कुणीतरी अंदाजानं टाकलेलं. आधार काढताना भाच्यानं दडपून एक जानेवारी सांगितलेलं, आणि वर्षही भलतंच. छावणीतल्या पासपोर्टच्या कार्यालयात गेलो तर तिथला माणूस नीट बोलला, म्हणाला, "आजी, तुमचे दोन कागद दोन वयं सांगतात. शाळेचा दाखला असेल तर आणा, नाहीतर अवघड आहे."

आक्का बाहेर पायरीवर बसली. पायातली वहाण काढून झटकली, परत घातली.

"ऱ्हाऊ दे बाई," ती म्हणाली. "दोन यत्तांचा कसला आलाय दाखला. तू जाऊन ये. मला फोटू दाखव."

मी "असं कसं, असं कसं" म्हणाले. दोनदा म्हणाले, मला पक्कं आठवतंय. आणि घरी येऊन त्याच आठवड्यात वहीचं नवं पान काढलं. वर लिहिलं, "एक माणूस". एकीची खोली, एकीची जागा. किनारा नवाचा परत तीनवर आला, सिगिरिया परत आलं, संग्रहालय आलं. पान कसं झरझर भरलं. मनाला सांगितलं की आक्काला नंतर कोकणात नेऊ, समुद्र काय, तोच. मला वाईट वाटत होतं, पण हायसंही वाटत होतं, आणि ते हायसं वाटणं मी कुणाला सांगितलं नाही. आक्का मध्ये एकदा येऊन गेली, वही टेबलावरच होती, मी वहीवर वर्तमानपत्र टाकलं.

भाबींना किल्लीची दुसरी जोडी द्यायला गेले तेव्हा बोलता बोलता निघालं की आक्काचं रहित झालंय. भाबींनी हातातलं निवडायचं सूप खाली ठेवलं.

"इस्कूल का रजिस्टर देखे क्या?"

"दोन इयत्ता शिकलीय हो ती. साठ वर्षं झाली."

"मैं पूछरी, देखे क्या?"

मी किल्ल्यांची जोडी त्यांच्यापुढं ठेवली. भाबी म्हणाल्या, "टीचर होके ऐसा बोलते? कल चलो. मैं बी आतीउं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं निघालो, चितेगावला आक्काला घेतलं आणि पैठण रस्त्यानंच पुढं आमच्या माहेरच्या गावी गेलो. शाळेला आता स्लॅब आहे, रंग आहे. हेडमास्तर तरुण, भला माणूस. त्यानं कपाट उघडून तळातलं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि कपाळाला हात लावला.

"बाई, हे सगळं उर्दूत आहे. निजामाच्या वेळचे मास्तर होते, ते पुढंही तसंच लिहीत राहिले. आमच्यात कुणालाच वाचता येत नाही."

भाबींनी चष्मा पुसला. "इदर लाव," त्या म्हणाल्या.

पंधरा-वीस मिनिटं त्यांचं बोट पानावरून उजवीकडून डावीकडं सरकत होतं. आक्का भिंतीला टेकून उभी होती, बस म्हटलं तरी बसेना. मग भाबी थांबल्या. वडिलांचं नाव वाचलं. आक्काचं नाव वाचलं. तारीख वाचली, यकुम जून, म्हणजे आपला एक जूनच, आणि वर्ष, जे आईच्या बाजरीशी जवळपास जुळत होतं. माझा जीव भांड्यात पडला. हेडमास्तर टेबलावर हात आपटून म्हणाला, "झालं काम! उतारा देतो, शिक्का देतो. आधार दुरुस्त करा, पासपोर्ट आलाच समजा."

तो छापील कागद घेऊन एकेक रकाना भरू लागला. भाबी सांगत होत्या, तो मराठीत लिहीत होता. दाखल कधी, इयत्ता कुठली, शाळा सोडली कधी.

"शाळा सोडल्याचं कारण?"

भाबींनी पानावर पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. भाबी अडखळलेल्या मी पहिल्यांदाच बघत होते.

"पढो ना भाबी," मी म्हणाले.

"छोटी बहन की परवरिश के वास्ते," त्यांनी वाचलं.

हेडमास्तरनं लिहिलं, लहान बहिणीस सांभाळण्याकरिता. मग सहज विचारलं, "या लहान बहीण कुठं असतात आता?"

"मीच ती," मी म्हणाले.

मला तिथं उभं राहवेना. तीस वर्षं पोरींना शिकवलं, पोरीच्या जातीला शाळा सोडू देऊ नका म्हणून त्यांच्या बापांशी भांडले, आणि माझ्यापायी एकीची सुटली ती मला कागदावरून कळावी! आक्का मात्र हेडमास्तरच्या अक्षराकडं कौतुकानं बघत होती.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"मला ठाऊक नसंल तर कुणाला? माझ्याच कडंवर व्हतीस." ती हसली. "दोन-चार दिस तुला घेऊनच गेले शाळंत. तू शेजारणीच्या पाटीवर मुतलीस. मास्तर म्हणला, एक तर हिला संभाळ नायतर पाटी संभाळ. आई तर रोजानं जायची. मग काय करणार?"

"राग नाही आला?"

"लई आला. चिमटे घ्यायचे मी तुला. तू भोकाड पसरायचीस आणि परत माझ्याच गळ्यात पडायचीस."

भाबी पुढं थांब्याकडं चालत गेल्या होत्या, मुद्दाम असाव्यात. मला वाटलं, आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही.

"आक्का, मी एकटीचं आखलं होतं. तुझं पासपोर्टचं अडलं त्याच आठवड्यात. सगळं पान भरलं होतं."

"ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"पेपर उचलून बघितलं मी. एक माणूस, एवढं वाचता येतं मला. दोन यत्ता झाल्यात माझ्या." तिनं उताऱ्याची घडी कमरेच्या पिशवीत सरकवली आणि पिशवीची दोरी ओढली. "गेली असतीस तर मी काय बोलले नसते. पण मनातून उतरली असतीस."

एसटी येईपर्यंत आम्ही तिघी लिंबाखाली उभ्या होतो.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही दोघी गेलो, एकवीस दिवस, कडेकडेनं, आणि बस असो, आगगाडी असो, विमान असो, खिडकीजवळची जागा मी एकदाही मागितली नाही.