दीड तास बसणे

स्टेशनचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं म्हणूनच हे सगळं झालं. नगरहून सकाळची पॅसेंजर धरली की थोड्या वेळात येतं, उतरल्यावर समोर डोंगर दिसतो, एवढं पुरे. ज्याला जायचंय त्याने स्वतः शोधावं. मी शोधलं होतं.

मी नगरला सावेडीत दातांच्या दवाखान्यात काम करते. पेशंटचे नंबर लावते, हत्यारं धुऊन मशीनमध्ये घालते, घाबरलेल्या माणसाला पाणी देते. दवाखाना मॅडमचा. मी भंडाऱ्याकडची. आठवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा नाल्यापलीकडे होती आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. एमआयडीसीत काम मिळतं म्हणून गावातल्या एका बाईसोबत इकडे आले. ती परत गेली, मी राहिले. मॅडमनी ठेवून घेतलं, राहायला खोलीही दिली. मला टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्याला कुलूप लावून त्या माझ्या उशाशी बसल्या होत्या. हे आधीच सांगते. पुढचं वाचून कुणी म्हणेल, ही खाल्ल्या घरचे वासे मोजते. तर हो, मोजते.

सायकलसुद्धा त्यांचीच. त्यांनी नवीन घेतली आणि जुनी मला दिली, जाड टायरची, गिअरवाली. "कामावर यायला होईल तुला," म्हणाल्या. कामावर यायला झालीच. पण सावेडीच्या सपाट रस्त्यावर एवढ्या गिअरांचं करायचं काय? आमच्याकडे घरामागेच जंगल. इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी मोकळ्या डोंगराकडे बघितलं की मला तिकडे जावंसं वाटतं. मॅडमचा सायकलवाल्यांचा ग्रुप आहे. ते रविवारी सायकली मोटारीच्या मागे बांधून डोंगरापर्यंत जातात, तिथे चालवतात, पुन्हा बांधून घरी येतात. माझ्याकडे मोटार नाही. माझ्यासाठी रेल्वे.

मी भित्री आहे. गाडी सुटेल, टीसी उतरवेल, परतीची गाडी रद्द होईल, सोमवारी दवाखाना उघडायला मी नसेन, असलं सगळं माझ्या डोक्यात शनिवारी दुपारपासून सुरू होतं. म्हणून मी वही केली. त्यात सकाळची गाडी, परतीची गाडी, ती चुकली तर कुठल्या फाट्यावर एसटी मिळते, पाणी कुठे, पंक्चर काढणारा कुठे. फोनवर दिसणाऱ्या वेळेवर माझा विश्वास नाही. आदल्या संध्याकाळी स्टेशनवर जाऊन खिडकीवर विचारून येते. सायकलचं पुढचं चाक काढायचं, जुन्या ट्यूबच्या पट्टीने सांगाड्याला बांधायचं, वरून दोन पोती शिवून केलेली खोळ चढवायची आणि लगेजची पावती घ्यायची. डब्यात दाराजवळ उभी करून मी तिला धरून बसते.

पहिल्या खेपेला एका म्हाताऱ्याने बराच वेळ त्या खोळीकडे बघितलं.

"कोन वारलंय का ताई?"

"सायकल आहे बाबा."

"सायकल? मंग सायकलीवर बसून जायाचं सोडून, सायकललाच गाडीत बसवलंय व्हय?"

सगळा डबा हसला. माझी आईसुद्धा फोनवर हेच म्हणते, "चालवाची चीज उचलून कायले नेतेस व?" मला वाईट वाटलं नाही. उतरताना त्या म्हाताऱ्यानेच मागचं चाक धरलं.

त्या दिवशी डोंगराकडे जाणारी वाट एका शेतापाशी संपली. पुढे तारेचं फाटक, आत बांध, बांधाच्या दोन्ही बाजूंना कांद्याचे वाफे, आणि बांध संपला की डोंगराची पायवाट. घराला कडी होती. हाक मारली, कुणी नाही. फाटक नुसतं तारेच्या कडीने अडकवलेलं होतं, उघडून जाता आलं असतं. पण परक्याच्या शेतातून न विचारता जायचं कसं? मी चिंचेखाली बसले. डबा खाल्ला. वही पुन्हा वाचली. दीड तास गेला. मग वाटेने माणसं आली, धुतलेले कपडे, बाईच्या हातात पिशवीत जाड पुस्तक. रविवारी सकाळी सगळं घर चर्चला जातं हे मला काय ठाऊक.

"कवाची बसलीस?" त्या बाईने विचारलं.

मी सांगितलं.

"दीड तास? आन फाटक तर उघडंच हुतं की."

"तुमचं शेत आहे ना मावशी."

तिने माझ्याकडे बघितलं, मग सुनेला म्हणाली, "च्या ठेव." चहा पिताना सगळी चौकशी झाली. गाव कुठलं, इतक्या लांब एकटी कशी, लग्न का नाही, देव कुठला. आम्ही बौद्ध, मी म्हटलं. "मंग रविवारी तुजंबी वंदना असंल, आन तू इथं चिंचेखाली," ती म्हणाली. "पुढल्या येळेला चर्चच्या पडवीत बस. सावली हाय, गानी बी ऐकू येतील." मग जाण्याची रीत सांगितली. बांधावर सायकलवर बसायचं नाही, हातात धरून चालायचं, कारण बांध निसरडा आणि खाली रोप. फाटक लावून घ्यायचं, कारण शेळ्या. येताना हाक मारायची, म्हणजे डोंगरात कुणी पडलंय का हे कळतं.

वहीत मी ते लिहून ठेवलं. "दीड तास बसणे. मावशी आल्यावर विचारणे. बांधावर उतरून चालणे. फाटक लावणे." त्यानंतर किती रविवार गेले. गाडी तेवढीच एक, ती लवकर पोचते, म्हणून बसणं तेवढंच. पडवीत बसून मला त्यांची दोन-तीन गाणी पाठ झाली. सून मला लिंबू द्यायची, मी तिच्या मुलीसाठी दवाखान्यातला लहान ब्रश न्यायचे. घरापासून एवढ्या लांब मला रविवारी कुणीतरी "आलीस का" विचारतं, याचं मोल काय ते मी भावालाही सांगू शकले नाही.

थंडीतला एक दिवस. दुपारी पेशंट नव्हते. टेबलावर वही राहिली होती, मॅडमनी चाळली. "अगं, किती छान प्लॅन केलाय तू! मी टाईप करते, ग्रुपवर टाकूया. तुझंच नाव देते." मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. आठवी शिकलेल्या बाईची वही डॉक्टर लोक वाचणार. मी हो म्हटलं. चूक माझीही आहे, ती झाकत नाही. पण मी हो म्हटलं ते माझ्या वहीला.

पुढच्या रविवारी दवाखान्याचं शिबिर होतं, मी आणि मॅडम तिथे. ग्रुप मात्र डोंगराला जाऊन आला. त्याच्या पुढच्या रविवारी मी नेहमीसारखी गेले. गाडीतून उतरले, चाक बसवलं, पडवीत जाऊन बसले. उपासना सुटली. मावशी बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि सरळ पुढे गेली. मी मागे मागे. फाटकाला साखळी आणि कुलूप. फाटकाच्या बाजूला मोकळी फट होती, त्यात बाभळीचे काटे रचलेले, कमरेएवढे. त्यात एक जागा त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती, दोन दगडांवर पाय देऊन चढायची. तिथून मावशी आत गेली आणि घरात शिरली.

सून थांबली. तिने हात करून वाफे दाखवले. नुकतंच लावलेलं रोप, आदल्या दिवशी पाणी दिलेलं, आणि त्यातून टायरच्या चाकोऱ्या, एक नाही, दोन नाही, अशा की कुणी नांगरून ठेवलंय. कोथिंबिरीचा कडेचा वाफा शेळ्यांनी साफ केलेला.

"आमी चर्चला गेल्तो," ती म्हणाली. "आलो तर सगळं उघडं. बांधावरून पडायला लागले म्हनून खाली उतरवल्या सायकली. ह्यांनी एकाला धरला तर तो म्हनतो, दवाखान्यातल्या ताईंनी वाट सांगितलीय. तुजंच नाव सांगितलं की."

"मी असं नव्हतं सांगितलं."

"मला ठाव हाय. पर आत्याबाई म्हनतात, तिनं आमची येळ हेरली. आमी कवा नसतो ते तिलाच ठाव हुतं."

ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही. मी चोरासारखी वेळ हेरली. मी, जी उघड्या फाटकाबाहेर बसून राहिली.

परतीच्या गाडीला अजून चार तास होते. ते मी फलाटावर काढले. तिथे बसून फोनवर ग्रुपमधला तो मजकूर पहिल्यांदा नीट वाचला, आधी नुसतं अंगठ्याचं चित्र टाकून सोडला होता. वर माझं नाव. खाली रेल्वेचा पत्ता नाही, "गाड्या शाळेच्या मैदानावर लावा." सकाळी नऊला सुरुवात. "दीड तास बसणे" गायब. मावशी गायब. आणि "बांधावर उतरून चालणे" याच्या जागी लिहिलेलं, "अरुंद पट्टा, फार मजा येते." माझ्या वहीतली प्रत्येक ओळ कुणाला तरी जपण्यासाठी होती. त्या ओळी काढून मॅडमनी नुसती वाट ठेवली होती, आणि वर माझं नाव.

सोमवारी मी मॅडमना विचारलं. हत्यारं पुसत होते, तो ट्रे खाली ठेवला.

"मॅडम, ते दीड तास का काढलेत?"

"कुठले दीड तास?"

"बसायचे."

"अच्छा, ते. अगं, ते तुझ्या ट्रेनमुळे होतं ना. कारने गेल्यावर लवकर पोचून बसायचं कशाला? वेळ वाया जातो."

"वाया जात नव्हता. तेव्हा त्या घरी नसतात. त्या आल्या की विचारायचं, असं होतं."

"मग तसं लिहायचंस की नीट."

"लिहिलं होतं. तुम्ही खोडलंत."

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. वाटलं, आता ही नोकरी गेली, खोली गेली, सायकल परत द्यावी लागणार. तरी बोलले. रोपाचं सांगितलं, शेळ्यांचं सांगितलं, काट्यांचं सांगितलं.

"अरे देवा," मॅडम म्हणाल्या. "मी आत्ता ग्रुपवर सॉरी टाकते."

"मावशी ग्रुपवर नाहीत मॅडम."

त्यांनी तो मजकूर माझ्यासमोर काढून टाकला. तो किती जणांनी पुढे पाठवला असेल ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग बेल वाजली, दाढदुखीचा पेशंट आला. त्यांनी हातमोजे घातले, मी त्यांना आरसा दिला. दिवसभर आम्ही बोललो ते फक्त दातांबद्दल.

पुढच्या रविवारी मी सायकल घेतली नाही. नुसतीच गेले, रिकाम्या हातांनी डब्याच्या दारापाशी उभी राहून. पडवीत बसले, दीड तास. उपासना सुटल्यावर मावशी माझ्यासमोरून गेली, थोडं पुढे जाऊन थांबली.

"सायकल कुठं हाय?"

"आणली नाही."

"मंग कशाला आलीस?"

"बसायला."

ती चालू लागली. मी मागे चालत गेले, काट्यांपाशी थांबले. ती आत गेली. लुगडं बदलून बाहेर आली तरी मी तिथेच. तिने काट्यांवरून रोपाची एक जुडी माझ्याकडे टाकली.

"नुसती बसून काय व्हनार? ये, नांग्या भर."

रोप मेलेल्या जागी नवीन रोप लावणं म्हणजे नांग्या भरणं. आमच्याकडे धानात हेच करतात, म्हणून हाताला ओळख होती. मी चाकोऱ्यांमध्ये वाकून लावत गेले. रोप जरा जुनं झालेलं, उशीरही झालेला, सून म्हणाली निम्मं धरलं तरी बास. मावशी पलीकडच्या वाफ्यात होती. मग तिकडूनच आवाज आला, "त्यांच्यातला एकजन म्हनला, शेत हाय हे दिसलंच न्हाई. हिरवं हुतं तर दिसलं न्हाई?"

"मला राग येतो मावशी."

"येऊ दे. मला बी येतो. त्या बाईचा आला का?"

"हो."

"तिनंच सायकल दिली म्हनत हुतीस."

"हो."

"मंग अवघड हाय," मावशी म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

परतीची गाडी गेली तेव्हा मी वाफ्यात होते. शिट्टी ऐकली, कंबर सरळ केली, डबे मोजल्यासारखी बघत राहिले. आजवर एकदाही चुकवली नव्हती. मावशीच्या मुलाने मोटारसायकलवरून फाट्यावर सोडलं. निघताना मी काट्यांकडे बघितलं. ते काढणार का, हे विचारायची हिंमत नव्हती.

"काटे ऱ्हातील," मावशी म्हणाली. "तू आलीस तर सायकल उचलून घे वरनं. येतीय का उचलता?"

"येते. गाडीत उचलूनच चढवते."

"आन त्या बाईला सांग, यायचं आसंल तर रेल्वेनं ये म्हनावं. बस म्हनावं पडवीत."

सोमवारी मी मॅडमना निरोप दिला, जसाच्या तसा. त्या म्हणाल्या, "बघू गं, एखादा रविवार." अजून तो रविवार आलेला नाही. शनिवारी दवाखाना बंद करताना मी दर वेळी विचारते, आणि त्या दर वेळी किल्ल्या शोधू लागतात. मग मी त्यांच्या जुन्या सायकलवर बसून स्टेशनवर जाते, उद्याची गाडी वेळेवर आहे का ते खिडकीवर विचारून येते, एक तिकीट, एक लगेज.