तीन महिने जगलेल्या बाळाचं हृदय

मेलेल्या बाळाचं हृदय माझ्या तळहातावर पहिल्यांदा ठेवलं ते नामदेवभाऊंनी.

आज पहाटे ते गेले. नव्वदी ओलांडली होती. काल संध्याकाळी दोन कप चहा झाला होता आणि साखर कमी पडली म्हणून नातसुनेला बोलूनही झालं होतं.

असं जाणं मला मिळालं तर मी आनंदानं घेईन.

माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या बहुतेकांना ते माहीत नाहीत, म्हणून लिहिते.

नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं. मी ॲनाटॉमीत थिसिस करत होते. विषय, जन्मापासूनच बिघाड असलेली हृदयं.

नामदेवभाऊ आमच्या विभागात अटेंडंट. तांडापेठेतलं विणकराचं घर, वडील मागावर. यांचं काम मात्र हृदयं, मेंदू नीट करून बरण्यांत बसवायचं.

मी त्यांच्याहून लहान, पण डॉक्टर. त्यामुळे तोरा होता. भरपूर होता.

माझी पद्धत ठरलेली. हृदय फुप्फुसांपासून कापून वेगळं करायचं, धुवायचं आणि मग बघायचं. निळी पडून गेलेल्या चार बाळांची हृदयं मी अशी पाहिली. चारही हृदयांत वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक.

मी लिहून टाकलं, भोक.

थिसिसचे माझे गाईड, सर, विचारायचे, नुसत्या भोकानं बाळ एवढं निळं पडेल का? मला उत्तर येत नव्हतं आणि येत नाही हे कबूलही करवत नव्हतं.

पाचवं बाळ सावनेरकडच्या शेवंताचं. तीन महिन्यांचा मुलगा, वॉर्डातच गेला.

तपासणीला घरचे तयार नव्हते. शेवंता एकटी हो म्हणाली, पण एका अटीवर. पोरगा कशानं गेला ते डॉक्टरांनी घरी येऊन सासूसमोर सांगायचं.

तिनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली होती. तेव्हाच पोटातलं लेकरू कापलं गेलं, असं सासू म्हणायची. मग गावही म्हणायला लागलं. नवऱ्याचं दुसरं लग्न करायचं घाटत होतं.

मी लगेच शब्द देऊन बसले.

सांगणार काय होते? याच्याही हृदयाला भोक निघालं, एवढंच. म्हणजे सासूचंच खरं! हे माझ्या डोक्यात आलंच नाही. नामदेवभाऊंच्या आलं.

टेबलाशी मी कात्री उचलली, तसा त्यांनी हात आडवा घातला.

"बाई, कापू नका. आधी मांगून पाहू."

मी चिडले. तुम्ही मला शिकवणार का, असंही म्हणाले. आज लिहितानाही लाज वाटते.

ते शांतपणे सांगत राहिले. लुगड्याच्या काठाची नक्षी बिघडली की त्यांचे वडील आधी कापड उलटं करत. चुकलेला धागा कुठून निघाला, कुठं गेला, हे पाठीमागून कळतं. ते कळेपर्यंत एकही धागा तोडायचा नाही.

मग म्हणाले, "तुमी आधी दोरे तोडता, अन् मंग इचारता का हे कुठं चालले होते."

मी कात्री खाली ठेवली.

हृदय आणि फुप्फुसं आम्ही एकत्रच पालथी केली. नामदेवभाऊंनी एक बोथट काडी फुप्फुसाच्या शिरेतून हळूहळू पुढे सरकवली. ती डाव्या कप्प्यात निघायला हवी होती. निघाली नाही. चारही शिरा मागच्या मागे एकत्र होऊन वर गेल्या होत्या आणि फिरून उजव्या बाजूला आल्या होत्या.

शुद्ध रक्त थेट डावीकडे जातच नव्हतं. जे काही जात होतं ते फक्त वरच्या पडद्यातल्या भोकातून; ते याच्याही हृदयात होतं.

मी दोनदा तपासलं. मग सरांना बोलावलं. विलायती मासिकांत त्यांनी असं वाचलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं.

आधीच्या चार बाळांचं काय, ते आता कधीच कळणार नव्हतं. त्या शिरा मीच कापल्या होत्या. थिसिसमध्ये हे जसंच्या तसं लिहिलं. सर म्हणाले, हे तुझं सगळ्यात चांगलं पान.

आभारात नामदेवभाऊंचं नाव घातलं, तर ते घाबरले. "माहं नाव काहून टाकलं? काही चौकशी तं नाही न येणार?"

त्या तपासणीनंतरच्या रविवारी आम्ही दोघं सावनेरच्या बसमध्ये बसलो.

ओसरीवर सासू, दोन-चार शेजारणी. शेवंता दाराशी, खाली मान घालून. मी शिरा आणि कप्पे सुरू केले. कुणाला काही कळेना. सासूनं एवढंच विचारलं, भोक होतं का नव्हतं?

मी म्हणाले, होतं.

शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. शेवंता रडायला लागली. मी पार गांगरले.

तेव्हा नामदेवभाऊ पुढे सरकले.

"माय, भोक होतं म्हनून तं लेकरू तीन महिने जगलं. थे नसतं तं दोन दिस बी नसतं काढले. बिघाड शिरांचा होता. अन् शिरा पोटात दुसऱ्या महिन्यातच बनते. ग्रहन कवा होतं?"

सासू म्हणाली, सातव्यात.

"मंग? दुसऱ्या महिन्यात तं तुमाले बी मालूम नसन का सून पोटुशी आहे."



मग सासूनं विचारलं, "म्हंजे हिच्या हातून काही नाही झालं?"

"काहीच नाही, माय."

म्हातारी उठली, आत गेली. आम्हाला वाटलं, झालं, आता निघावं. ती तीन ताटं घेऊन बाहेर आली. दोन आमच्यापुढे ठेवली. तिसरं दाराशी शेवंतापुढे ठेवलं आणि तिच्याजवळ खाली बसली.

"जेव वं माय," म्हणाली. "लय दिसाची उपाशी आहेस."

नामदेवभाऊ, मी तुमच्या हाताखाली शिकले. हे तेव्हाच सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं, आज सांगते.

माझा नमस्कार घ्या. सुखानं जा.